केशभूषाकार प्रशिक्षण

केशभूषाकार प्रशिक्षण म्हणजे केस कापणे, धुणे, रंगविणे, सरळ वा कुरळे करणे आणि प्रसंगानुरूप त्यांची रचना करणे या कामांचे व्यावसायिक शिक्षण होय. केशभूषाकाराला इंग्रजीवरून 'हेअर स्टायलिस्ट' असेही म्हणतात. वस्त्रे, अलंकार, रंगभूषा आणि केशभूषा यांचा एकत्रित विचार करून व्यक्तीचे संपूर्ण रूप ठरविणाऱ्या व्यावसायिकास 'फॅशन स्टायलिस्ट' अशी संज्ञा आहे. दोन्ही व्यवसायांचे क्षेत्र परस्परांना लागून असल्याने अनेक संस्थांत त्यांचे शिक्षण एकत्र दिले जाते. भारतात हे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अल्प मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम, खासगी अकादमी आणि प्रत्यक्ष दुकानातील उमेदवारी अशा चार प्रमुख मार्गांनी मिळते. हा व्यवसाय करण्यासाठी भारतात परवान्याची सक्ती नाही. त्यामुळे ग्राहकाची सुरक्षितता बहुतांशी काम करणाऱ्याच्या प्रशिक्षणावर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत केशकर्तनाचे काम बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या नाभिक समाजाकडे होते. कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने, म्हणजे बलुत्याच्या रूपाने मिळे. वस्तरा, कातर, कंगवा, आरसा, नखे काढण्याची नराणी आणि धार लावण्याचे साहित्य ज्या पिशवीत ठेवले जाई तिला 'धोकटी' म्हणत. मुलगा वडिलांबरोबर हिंडून हे काम शिकत असे. आधी धोकटी सांभाळणे, मग वस्तऱ्याला धार लावणे आणि हात बसल्यावर प्रत्यक्ष गिऱ्हाईक घेणे, असा शिक्षणाचा क्रम असे. वारकरी संप्रदायातील संत सेना महाराज याच व्यवसायातील होते.

या व्यवसायाला सामाजिक इतिहासही आहे. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन करण्याची रूढी एकोणिसाव्या शतकात प्रचलित होती. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविण्यास नकार दिला. आपले कौशल्य कशासाठी वापरायचे याचा निर्णय कारागिरांनी स्वतः घेतल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

स्त्रियांची केशरचना प्रामुख्याने घरातच होत असे. खोपा, अंबाडा, वेणी हे प्रकार आई, आजी किंवा मोठ्या बहिणीकडून शिकले जात आणि केस विरळ असल्यास गंगावन जोडले जाई. विसाव्या शतकात शहरांमधून केशकर्तनालये व सौंदर्यप्रसाधनगृहे वाढली. पुरुषांचे 'सलून' आणि स्त्रियांचे 'ब्यूटी पार्लर' असे विभाजन दीर्घकाळ टिकले. पुढे स्त्रीपुरुष दोघांनाही सेवा देणारी 'युनिसेक्स सलून' रूढ झाल्यावर दोन्ही परंपरांतील कौशल्ये एकाच व्यक्तीला येणे आवश्यक ठरले. घराण्यातून मिळणारे शिक्षण या गरजेला पुरेसे नव्हते. दुसरीकडे, या समाजाबाहेरील मुलामुलींना व्यवसायात येण्यासाठी खुल्या प्रशिक्षणाखेरीज मार्ग नव्हता.

आधुनिक तंत्रांचा उदय

आजच्या अभ्यासक्रमातील बराच भाग विसाव्या शतकातील युरोपीय घडामोडींतून आला आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ यूजेन श्यूलर यांनी १९०७ मध्ये केसांसाठी कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी स्थापन केली. हीच कंपनी पुढे 'लॉरेआल' या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश केशभूषाकार व्हिडाल ससून (१९२८-२०१२) यांनी १९५४ मध्ये लंडन येथे स्वतःचे सलून उघडले. तोपर्यंत स्त्रियांची केशरचना दर आठवड्याला सलूनमध्ये जाऊन, केस गुंडाळून व फवारा मारून टिकवावी लागे. केस भूमितीच्या रेषांनुसार असे कापावेत, की धुतल्यानंतर ते आपोआप योग्य जागी पडतील, हा विचार ससून यांनी रुजविला. त्यामुळे नेमके कर्तन हा केशभूषेचा पाया ठरला आणि कोन, रेषा व विभाग यांच्या भाषेत ते शिकविणे शक्य झाले.

प्रशिक्षणाचे मार्ग

औद्योगिक प्रशिक्षण संस्था: केंद्र शासनाची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून सुरू आहे. तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) 'कॉस्मेटॉलॉजी' हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम शिकविला जातो. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना यात प्रवेश मिळतो. त्वचा, केस, नखे आणि रंगभूषा यांचा प्राथमिक अभ्यास त्यात असतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते व ते देशभर ग्राह्य धरले जाते.

कौशल्य अभ्यासक्रम: राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. 'ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल' ही संस्था या क्षेत्रातील कामांची मानके ठरविते. साहाय्यक केशभूषाकार, केशभूषाकार, रंगभूषाकार अशी प्रत्येक कामाची पातळी आणि तीसाठी लागणारी कौशल्ये या मानकांत नमूद केलेली असतात. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत असे अभ्यासक्रम समाविष्ट आहेत. महाराष्ट्रात राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळही अल्प मुदतीचे व्यवसाय अभ्यासक्रम चालविते.

जन शिक्षण संस्थान: कामगारांसाठी अनौपचारिक शिक्षण देणारे पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईतील वरळी येथे सुरू झाले. अशा संस्थांनाच पुढे 'जन शिक्षण संस्थान' हे नाव मिळाले. नवसाक्षर, अल्पशिक्षित आणि शाळा सोडलेल्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, येथे अल्प शुल्कात व्यवसायशिक्षण मिळते.

खासगी अकादमी: प्रसाधन कंपन्या, सलूनसाखळ्या आणि नामवंत केशभूषाकार यांच्या अकादमी मोठ्या शहरांत आहेत. काही आठवड्यांच्या वर्गापासून वर्षभराच्या पदविकेपर्यंत त्यांचे अभ्यासक्रम असतात. काही ठिकाणी ब्रिटनमधील 'सिटी अँड गिल्ड्स' (स्थापना १८७८) यांसारख्या परदेशी परीक्षासंस्थांची प्रमाणपत्रे मिळण्याची सोय असते.

उमेदवारी आणि पूर्वज्ञानाची मान्यता: आजही अनेक जण एखाद्या दुकानात मदतनीस म्हणून राहून काम शिकतात. वर्षानुवर्षे काम करूनही हाती कागद नसलेल्या अशा कारागिरांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणित करण्याची सोय 'पूर्वज्ञान मान्यता' या पद्धतीत आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. योजनेत प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

केसांचे शास्त्र

प्रशिक्षणाचा आरंभ केसाच्या रचनेपासून होतो. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचे बाह्य आवरण माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांचे असते. त्याखालील जाड थरात केसाचा रंग व बळकटी सामावलेली असते. जाड केसांत मध्यभागी मज्जेचा थरही आढळतो. डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात. ते महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. ही माहिती असलेला केशभूषाकार ग्राहकाच्या नेहमीच्या केसगळतीचे भय घालवू शकतो. टकलाचा चट्टा, खपली किंवा असाधारण गळती दिसल्यास उपचाराचा दावा न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देणे हे त्याचे काम असते.

कर्तन

डोक्याचे विभाग पाडणे, पहिली मार्गदर्शक बट कापणे आणि तिच्या मापाने पुढच्या बटा कापत जाणे ही कर्तनाची मूळ रीत आहे. बट डोक्यापासून किती अंशांत उचलून कापली, यावर अंतिम आकार ठरतो. बट न उचलता, म्हणजे शून्य अंशात कापल्यास सर्व केस एका रेषेत येतात. सुमारे ४५ अंशांत कापल्यास खालून वर भरत जाणारा उतार मिळतो. ९० अंशांत कापल्यास थर पडतात व केस हलके दिसतात. कापून झाल्यावर उभे विभाग असल्यास आडवे विभाग घेऊन लांबी पडताळली जाते. कुरळे केस वाळल्यावर आखडतात. ओल्या स्थितीत ते हव्या त्या लांबीला कापले तर प्रत्यक्षात आखूड होतात. म्हणून असे केस कापताना लांबी राखून ठेवण्यास शिकविले जाते.

रासायनिक प्रक्रिया

केसाचा आकार बदलणे ही रसायनशास्त्रीय क्रिया आहे. केराटिनच्या साखळ्यांना गंधकाचे बंध परस्परांशी जोडून ठेवतात. अमोनियम थायोग्लायकोलेटसारख्या द्रव्याने हे बंध तुटतात, केसाला नवा आकार दिला जातो आणि दुसऱ्या द्रव्याने बंध पुन्हा जुळविले जातात. द्रव्य ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक ठेवल्यास केस तुटतो. केस सरळ करण्याच्या काही उत्पादनांतून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याची नोंद मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली आहे. बंद खोलीत दिवसभर असे काम करणाऱ्या व्यक्तीला ग्राहकापेक्षा अधिक धोका असतो. म्हणून उत्पादनावरील घटकांची यादी वाचणे आणि हवा खेळती ठेवणे हे अभ्यासक्रमाचे आवश्यक भाग आहेत.

रंग

केसांचा नैसर्गिक रंग सर्वांत गडद १ ते सर्वांत फिकट १० अशा क्रमांकांत मोजण्याची पद्धत सर्वत्र वापरात आहे. भारतीयांचे केस बहुधा या मापाच्या गडद टोकाला असतात. असा केस फिकट करताना तो आधी तांबडा, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होत जातो. नको असलेली छटा मारण्यासाठी रंगचक्रातील समोरचा रंग वापरतात. तांबडी छटा हिरव्याने, नारिंगी निळ्याने आणि पिवळी जांभळ्याने शमते. त्यामुळे रंगकामाच्या विद्यार्थ्याला रंगसिद्धान्त चित्रकाराइतक्याच काळजीने शिकावा लागतो.

रंग चढविण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याची तीव्रता 'व्हॉल्यूम' या एककात सांगितली जाते. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. पांढरे केस झाकण्यासाठी सामान्यतः २० व्हॉल्यूम पुरेसे असते. ४० व्हॉल्यूम टाळूला लागल्यास भाजण्याचा धोका असतो.

अनेक कायम रंगांत पॅराफेनिलिनडायअमीन (पीपीडी) हे द्रव्य असते. काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. चेहरा सुजणे, फोड येणे, क्वचित श्वास घेण्यास त्रास होणे अशी तिची लक्षणे आहेत. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांतही हे द्रव्य आढळते, त्यामुळे केवळ मेंदी या नावावर विसंबता येत नाही. रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून परीक्षा घेणे हा प्रशिक्षणातील काटेकोर नियम आहे. मेंदी लावलेल्या केसांबाबत आणखी एक दक्षता घेतात. काही मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतात व पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग होऊन केस तापून तुटू शकतात. म्हणून आधी काय लावले होते हे विचारून एका बटेवर प्रयोग केला जातो.

स्वच्छता व संसर्गप्रतिबंध

वस्तऱ्याच्या पात्यामुळे न दिसणारी जखम होऊ शकते आणि तेच पाते दुसऱ्यासाठी वापरल्यास रक्तातून पसरणारे रोग संक्रमित होऊ शकतात. हेपटायटिस-बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यामुळे प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरणे आणि वापरलेले पाते वेगळ्या बंद डब्यात टाकणे हे पहिल्या दिवसापासून शिकविले जाते. कातर व कंगवा आधी धुवून, केस काढून, नंतर जंतुनाशकात ठेवावा लागतो. मळ असलेल्या अवजारावर जंतुनाशकाचा पुरेसा परिणाम होत नाही. अनेक दुकानांत दिसणारी निळ्या प्रकाशाची पेटी निर्जंतुक अवजारे ठेवण्यासाठी असते. अस्वच्छ अवजार केवळ तिच्यात ठेवल्याने शुद्ध होत नाही.

कोविड-१९ च्या साथीत स्वच्छतेचे महत्त्व सर्वसामान्यांच्याही लक्षात आले. मार्च २०२० पासून बंद असलेली महाराष्ट्रातील केशकर्तनालये २८ जून २०२० पासून मर्यादित सेवांसाठी उघडली. केस कापणे, रंगविणे अशा मोजक्या कामांना परवानगी होती. कर्मचाऱ्यांना हातमोजे, ॲप्रन व मुखपट्टी बंधनकारक होती.

शिकविण्याची पद्धत

विद्यार्थी प्रथम रबरी मुखवट्यावर बसविलेल्या केसांवर, म्हणजे 'डमी'वर सराव करतो. त्यानंतर कमी दरात वा विनामूल्य केस कापून घेण्यास तयार असलेल्या व्यक्तींवर शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करतो. अखेरीस तो सलूनमध्ये मदतनीस म्हणून उभा राहतो. डमीचे केस सर्वत्र सारखे दाट असतात. माणसाच्या डोक्यावर भोवरा असतो, कपाळाजवळचे केस विरळ असतात, मानेवरचे केस उलट दिशेने वाढतात आणि ग्राहक मान हलवतो. यांची जाण प्रत्यक्ष डोक्यावर काम केल्यावाचून येत नाही. त्यामुळे एखाद्या अभ्यासक्रमाचा दर्जा जोखताना एकूण कालावधीइतकेच प्रत्यक्ष व्यक्तींवर किती काम करावयास मिळते, हेही महत्त्वाचे ठरते.

संवाद हाही शिक्षणाचा विषय आहे. 'थोडेसेच कापा' या शब्दांचा अर्थ ग्राहकागणिक बदलतो. म्हणून कातर हाती घेण्यापूर्वी बोटाने लांबी दाखवून संमती घेणे, छायाचित्रातील केशरचना ग्राहकाच्या केसांवर तशीच दिसेल की नाही हे स्पष्ट सांगणे आणि खर्च आधी कळविणे यांचा सराव करून घेतला जातो.

प्रसंगोपात्त केशरचना व फॅशन स्टायलिंग

विवाहसमारंभातील वधूची केशरचना हे महाराष्ट्रातील केशभूषाकारांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. नऊवारीवर शोभणारा खोपा किंवा अंबाडा, त्यावर गजरा आणि मुंडावळ्या बांधण्यासाठी राखलेली जागा यांचा विचार एकत्र करावा लागतो. विधी, भोजन व स्वागतसमारंभ मिळून रचना अनेक तास टिकावी लागते. म्हणून आकड्यांची जागा व पायाची वेणी यांना वरच्या सजावटीइतकेच महत्त्व असते.

फॅशन स्टायलिंगमध्ये वस्त्रप्रकार, कापडाचा पोत, शरीराची ठेवण, प्रकाशयोजना, छायाचित्रण आणि प्रसंगाचा इतिहास यांचा अभ्यास येतो. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत (निफ्ट) 'फॅशन कम्युनिकेशन' हा पदवी अभ्यासक्रम असून त्यात स्टायलिंगचा समावेश होतो. या संस्थेचे मुंबई केंद्र १९९५ पासून कार्यरत आहे. या क्षेत्रात प्रमाणपत्राबरोबर केलेल्या कामाच्या छायाचित्रांचा संग्रह, म्हणजे 'पोर्टफोलिओ' पाहून काम दिले जाते.

चित्रपटसृष्टी आणि स्त्रियांचा हक्क

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत अनेक दशके रंगभूषेचे काम पुरुषांनी आणि केशभूषेचे काम स्त्रियांनी करावे असा दंडक होता. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनाही संबंधित कामगार संघटना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व देत नसे. सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही होती. 'चारू खुराना विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल देऊन लिंगावर आधारित हा भेद आणि वास्तव्याची अट या दोन्ही गोष्टी रद्द ठरविल्या. प्रशिक्षणाने पात्रता मिळाली तरी काम करण्याचा हक्क स्वतंत्रपणे मिळवावा लागतो, ही बाब या खटल्याने स्पष्ट झाली.

नियमन

अमेरिकेत केशभूषाकारास राज्याचा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी पूर्वी १६०० तासांचे प्रशिक्षण आवश्यक होते, ते २०२२ पासून १००० तासांवर आणले गेले. जर्मनीत तीन वर्षांची उमेदवारी असते आणि स्वतःचे सलून चालविण्यासाठी सामान्यतः त्यापुढची 'माइस्टर' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भारतात दुकानाला दुकाने व आस्थापना कायदा तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियम लागू होतात. मात्र कातर वा रसायन हाती घेणाऱ्या व्यक्तीने कोणते शिक्षण घेतले पाहिजे, याची सक्ती नाही. सक्ती नसल्यामुळे अल्पशिक्षित व गरीब व्यक्तींना हा व्यवसाय सहज सुरू करता येतो. त्याच कारणाने रसायनांची माहिती नसलेली व्यक्तीही केस सरळ करण्याचे वा रंगविण्याचे काम करू शकते. पूर्वज्ञान मान्यतेसारख्या योजना परवान्याची सक्ती न करता ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतात.

शासकीय मान्यतेचे प्रमाणपत्र, परदेशी परीक्षासंस्थेचे प्रमाणपत्र आणि अकादमीने स्वतःच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र यांत फरक आहे. पहिल्या दोन प्रकारांत सामान्यतः शिकविणाऱ्याहून वेगळी यंत्रणा मूल्यमापन करते. तिसऱ्या प्रकाराचे मोल त्या अकादमीच्या लौकिकापुरते असते. बँकेचे कर्ज, शासकीय योजना किंवा परदेशातील नोकरी यांसाठी अर्ज करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

व्यावसायिक आरोग्य

दिवसभर उभे राहिल्याने पायांतील शिरा फुगणे, हात खांद्याच्या उंचीवर धरल्याने मान व खांदे दुखणे, तसेच पाणी, शाम्पू व रंग यांच्या सततच्या संपर्काने हातांना त्वचादाह होणे हे केशभूषाकारांचे नेहमीचे विकार आहेत. खुर्चीची उंची ग्राहकागणिक बदलणे, रंगकाम व केस धुताना हातमोजे घालणे, हात कोरडे करून मलम लावणे या सवयी प्रशिक्षणकाळातच लावल्या जातात. हातांना एकदा जडलेली ॲलर्जी बहुधा कायमची असते आणि तीमुळे काहींना हा व्यवसाय सोडावा लागतो.

हे सुद्धा पहा

बलुतेदार
संत सेना महाराज
नारायण मेघाजी लोखंडे
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
रंगभूषा
वेशभूषा